लांब चढासाठी गिअर: सुरुवातीला एवढंच बघा

सायकलला एकूण गिअर किती, हे मोजू नका. सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते बघा. पुढच्या लहान चेनरिंगचे (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागच्या चाकावरच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चक्राचे दाते मोजा. दोन्हीकडे ३४ असतील, तर पेडलच्या एका फेरीत चाक एकदाच फिरतं. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तरी रोड बाइक ताशी साधारण साडेसात किलोमीटरने चढत राहते. मागे २८ च असतील, तर त्याच फेऱ्यांसाठी ताशी ९ च्या वर वेग लागतो. तासाभराच्या घाटात हा फरक गुडघ्यांना चांगलाच कळतो. म्हणून नवख्याने बिनधास्त हलका गिअर घ्यावा, त्यात कमीपणा काहीच नाही.

नेहमी होणाऱ्या चुका:

- चढ अंगावर आल्यावर गिअर बदलणं. पूर्ण जोर असताना चेन अडखळते, कधी उतरतेही. आधीच बदला आणि बदलताना क्षणभर पाय सैल सोडा.
- जड गिअर रेटत राहणं. फेऱ्या ६० च्या खाली गेल्या की हलका गिअर टाका.
- मोठी कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) परस्पर विकत आणणं. तुमच्या मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) किती दात्यांपर्यंत चालतं ते मेकॅनिकला आधी विचारा. बहुतेक वेळा चेनही लांब घ्यावी लागते.

पुढे एक चेनरिंग बरी की दोन, हा वाद सध्या बाजूला ठेवा. आधी आहे त्या सायकलचे दाते मोजून कळवा, मग पुढचं ठरवू.