‘संगीत देवबाभळी’ हे नाटक म्हणायचं की संगीत नाटक? गाण्यातलं काही न कळणाऱ्यानं बघावं का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, ते सोपं आहे. जा. तुमच्या मिस्टरांना यमन आणि भूप यांतला फरक कळत नसेल तरी ‘देवबाभळी’पुरतं त्यांचं काहीही अडणार नाही.

पहिला प्रश्न जरा चिवट आहे. लग्नाला पुण्यात असाल तेव्हा तिथे प्रयोग आहे आणि त्यावरून घरात दोन पक्ष पडलेत, असं तुम्ही लिहिलंय. सासूबाई म्हणतात, ऑर्गन दिसत नाही, तबलजी दिसत नाही, वन्समोअर नाही, मग त्याला संगीत नाटक म्हणायचंच कशाला? भाचा म्हणतो, हे साधं नाटकच, वरून गाण्यांची फोडणी. मला विचाराल तर दोघांनीही नको ते मोजलं. वाद्यं किती, पदं किती, यावर काही ठरत नाही. गाणं सुरू झालं की गोष्ट थांबते की पुढे सरकते, आणि ते गाणं काढलं तर मागे काय उरतं, मी एवढंच बघते.

सासूबाईंच्या मनातलं संगीत नाटक बालगंधर्वांच्या काळातलं आहे. त्यांना तरी काय म्हणायचं, आपल्या सगळ्यांच्या घरी रेकॉर्डी त्याच वाजल्या. पण अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ आणलं तेव्हाची तऱ्हा वेगळी होती. त्या नाटकात दोनशेच्या आसपास पदं. इतकी पदं एकेक करून आळवत बसले असते तर शकुंतला सासरी पोचायला आठवडा लागला असता! ती पदं छोटी छोटी, बरीचशी कीर्तनात आणि घरोघरी ऐकलेल्या चालींवर, साकी-दिंडीसारख्या जुन्या वृत्तांच्या अंगाची. बोलता बोलता म्हणून टाकायची आणि पुढे जायचं. गोष्ट त्यांच्यावरच चालायची.

नंतर १९११ ला खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं, त्याला गोविंदराव टेंब्यांच्या चाली. १९१६ ला ‘स्वयंवर’, त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. पदांची संख्या घटली आणि लांबी वाढली. यांतली नायिका, भामिनी किंवा रुक्मिणी, गायला लागली की नाटकानं बाजूला बसायचं आणि मैफल सुरू व्हायची. लोक तिकीट त्यासाठीच काढायचे, त्यामुळे त्यात वावगं काही नाही. पण संगीत नाटक म्हणजे फक्त तेच, असं सासूबाई म्हणत असतील तर त्यांनी मूळ पुरुषालाच घराबाहेर काढलं.

आता आपल्या गावची गोष्ट, जी इंदूरची मंडळी सर्रास विसरतात. देवलांच्या ‘शारदा’चा पहिला प्रयोग किर्लोस्कर मंडळीनं जानेवारी १८९९ मध्ये आपल्या इंदुरात केला. पुण्यात नाही, मुंबईत नाही, इथे. पैशासाठी बाप आपली लहान मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघतो, ही गोष्ट. त्यातलं मैत्रिणी शारदेची थट्टा करतात ते पद घ्या, ‘म्हातारा इतुका न, अवघें पाऊणशें वयमान’. चाल अशी हलकी की पोरींनी फेर धरून म्हणावी. शब्दांकडे लक्ष गेलं की मात्र पोटात गोळा येतो. पाऊणशे म्हणजे काही फार नाही, असं हसत हसत सांगतायत त्या, आणि जिला सांगतायत तिला त्याच घरात जायचंय. हे पद काढा बरं. त्याच्या जागी भाषण घालावं लागेल आणि ते भाषण कुणी ऐकणार नाही. पुढे ‘मूर्तिमंत भीति उभी’ येतं, तेही तसंच, घाबरलेल्या मुलीच्या तोंडचं वाक्य आहे ते. देवलांना गाणं आणि संवाद यांच्यामध्ये भिंत घालायची गरजच वाटली नाही. (१९२९ च्या बालविवाहाविरुद्धच्या शारदा कायद्याचं नाव या नाटकावरून पडलं, असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी माणूस दर चर्चेत भेटतो. ते नाव हरबिलास सारडांचं.)

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर बडोद्याचं आहे. राम गणेश गडकऱ्यांचं दारूच्या व्यसनावरचं ‘एकच प्याला’ तिथे फेब्रुवारी १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं प्रथम केलं. गडकरी महिनाभर आधीच गेले होते. नाटकातली पदं त्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. बालगंधर्वांच्या सिंधूनं ती घराघरांत पोचवली, आजही लोक ती गुणगुणतात, मीही गुणगुणते. तरी ती सगळी पदं बाजूला ठेवून नाटक वाचा: सुधाकर दारूत बुडायचा राहत नाही, त्याचा दारुडा सोबती तळीराम सुटत नाही, त्याच्या बायकोची, सिंधूची, परवड तसूभर कमी होत नाही. भाच्याचं फोडणीचं वाक्य इथे लागू पडतं. फोडणी झकास आहे, पण वरणाखाली विस्तव गडकऱ्यांचा. आणि गंमत बघा, याला संगीत नाटक म्हणायला तुमच्या सासूबाई क्षणभरही अडणार नाहीत.

तिसरा प्रकार ‘कट्यार काळजात घुसली’चा, १९६७ चा. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत. त्यात माणसं गवईच आहेत, त्यामुळे गाणं हीच घटना. दोन घराण्यांचं वैर शब्दांत सांगून कुणाला पटलं असतं? म्हणून ‘घेई छंद मकरंद’ एकच कविता दोन वेगळ्या चालींत, दोन वेगळ्या गायकींत येते. एकीत सूर निवांत बसलेला, दुसरीत तान अंगावर धावून येते. ज्याला रागाचं नावही सांगता येत नाही त्यालाही कळतं की ही दोन माणसं एका छपराखाली नांदणार नाहीत. त्यातले खाँसाहेब झालेल्या वसंतराव देशपांड्यांचं ध्वनिमुद्रण घरी लावा आणि मिस्टरांना नुसतं बसवा. गाण्यातलं कळत नाही ही त्यांची तक्रार तिथेच निम्मी संपेल.

भाच्यासाठी ‘घाशीराम कोतवाल’चं नाव सांगून ठेवते, १९७२ चं. भास्कर चंदावरकरांचं संगीत, माणसांचीच केलेली भिंत, पहिल्यापासून शेवटपर्यंत नाच-गाणं. त्यातून संगीत उपसून काढलं तर नाना आणि घाशीराम यांचा एक राजकीय किस्सा तेवढा उरेल. तरी त्याला संगीत नाटक कुणी म्हणत नाही. तेव्हा जाहिरातीवर काय छापलंय त्यावर भांडू नका.

आता ‘देवबाभळी’. लेखन-दिग्दर्शन प्राजक्त देशमुखांचं, संगीत आनंद ओकांचं, भद्रकाली प्रॉडक्शननं २०१७ मध्ये रंगमंचावर आणलं. याच नाटकासाठी देशमुखांना साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. रंगमंचावर दोनच बायका. एक आवली, तुकोबांची बायको. नवऱ्याला भाकरी द्यायला डोंगर चढते, पायात बाभळीचा काटा मोडतो, तो काटा साक्षात विठ्ठल काढतो. पाय बरा होईपर्यंत तिच्याकडे बघायला तो रुक्मिणीला पाठवतो आणि ती लखुबाई होऊन घरात येते. आवली दिवसभर त्या काळ्याला शिव्या घालते आणि ज्याला शिव्या घालते त्याची बायको समोर बसून ऐकते. आपल्याला हे माहीत असतं, आवलीला नसतं. म्हणून साध्या ‘भाकरी खा’सारख्या बोलण्यालाही धार येते. शिवाय लखुबाईही नवऱ्यावर काही कमी रुसलेली नाही. दोघींचे नवरे जगाचे, घरचे कधी नाहीत.

मी बघितलं तेव्हा शुभांगी सदावर्ते आवली होत्या, मानसी जोशी लखुबाई. दोघी स्वतः गातात, आणि हे महत्त्वाचं आहे. जुन्या नाटकात नट गायला म्हणून पुढे यायचा, साथीदारांकडे बघायचा, गळा साफ करायचा. इथे पाय दुखतो म्हणून अवघडून बसलेली बाई त्याच अवघडलेपणातून गाते. हातातलं काम सुटत नाही. गाणं सुरू कुठे झालं तेही नेमकं सांगता येत नाही. बोलण्यातलं एक वाक्य लांबतं, शेवटचा शब्द किंचित वर जातो, आणि लक्षात येईपर्यंत आपण गाण्यात असतो. संपतंही तसंच. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी टाळीसाठी दोन्ही हात उचलले, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, तसेच हात त्यांनी गुपचूप मांडीवर ठेवले. वन्समोअर कुठे मागणार? आवलीला मधेच थांबवून ‘बाई, तुमचं दुःख परत एकदा’ असं म्हणण्यासारखं ते.

माझी कसोटी लावली तर गाणी काढून हे नाटक उभं राहत नाही. आवलीचा राग बोलण्यात आहे. पण नवऱ्यावरचा जीव ती बोलून दाखवेल असं तिचं तोंडच नाही, तो फक्त गाण्यातून बाहेर पडतो. लखुबाईचंही तसंच, देवाच्या बायकोनं गाऱ्हाणं कुणापुढे मांडायचं? म्हणजे गाणं इथे संवादाचंच काम करतं आणि वर संवादाला न जमणारंही करतं. तेव्हा माझ्या लेखी हे संगीत नाटकच, फक्त बालगंधर्वांच्या वळणाचं नाही, देवलांच्या वळणाचं. म्हणजे आपल्या इंदुरात पहिल्यांदा पडदा उघडला त्या वळणाचं.

सगळंच आवडलं असं नाही. काही ठिकाणी वाक्यं जरुरीपेक्षा जास्त नटून येतात. देहूची संसारी बाई इतकं सुबक बोलायला लागली की मला लेखक विंगेत दिसायला लागतो. एकदोनदा असंही वाटलं की थोडी शांतता असती तर बरं झालं असतं. पण दोघींच्या सुरांनी ते झाकून नेलं.

आपल्याकडच्या प्रेक्षकांची एक खोड सांगते, तुमच्या घरच्या भांडणात कामाला येईल. इंदूरला ‘सानंद’ या संस्थेच्या सभासदांच्या समूहांसाठी एकच नाटक शनिवार-रविवारी लागोपाठ होतं. आधीच्या समूहाचा निकाल पुढच्या समूहाच्या व्हॉट्सॲपवर प्रयोगाआधीच येऊन पडलेला असतो. ‘गाणी छान, नाटक ठीक’ किंवा ‘नाटक छान, गाणी उगीच’. मग खंडवा रोडच्या सभागृहाबाहेर गाडी काढता काढता लोक तेच वाक्य आपलं म्हणून सांगतात. गाणी आणि नाटक अशी वेगवेगळी ताटं मांडून मार्क देण्याची सवय आपल्याला मैफलींनी लावली असणार. गाण्याचे दर्दी रामूभैया दाते यांचं गाव आपलं, जवळच देवासला कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व. कान तयार आहेत, ही चांगलीच गोष्ट, पण कधी कधी तयार कान डोळ्यांना बोलू देत नाहीत. माझ्या ओळखीचे एक काका नाटकभर डोळे मिटून बसतात आणि घरी जाताना नेपथ्याबद्दल मत देतात.

तर पुण्याला जाताना एवढं करा. मिस्टरांना आधी फक्त तीन गोष्टी सांगा: आवली कोण, लखुबाई खरी कोण, आणि आवलीला ते ठाऊक नाही. अभंगांचा अर्थ आधी समजावत बसू नका, गोष्टीच्या ओघात तो आपोआप लागतो. शक्य असेल तर पुढची तिकिटं घ्या. दोनच माणसं आहेत, त्यातही निम्मं काम चेहऱ्यांवर चालतं, बाल्कनीतून ते वाया जातं. लहान मुलं बरोबर असतील तर तुमचं तुम्ही ठरवा, तिथे उड्या मारणारं कुणी नाही. सासूबाईंना मात्र नक्की न्या, भांडण बाजूला ठेवून. ओव्या, अभंग आणि सासर-माहेर यातलं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळणार, आणि वन्समोअर आठवला तरी तो मागायला त्यांना फुरसत मिळेल असं वाटत नाही. परत आल्यावर त्या काय म्हणाल्या ते इथे जरूर लिहा.