लायनक्सची माहिती शोधताना आधी मशीनमध्येच बघ

अरे, लायनक्समधलं डेबियन टाकलंस ते बरं केलंस, पण दर अडचणीला व्हिडिओ शोधत बसू नको, कितीतरी जुन्या व्हर्जनचे असतात नि बघून बघून कमांड मारली की बसलास बोंबलत. आपल्या मालवणात पाऊस लागला की लाइट जाते, मागोमाग नेट, तेव्हा बॅटरी असेपर्यंत उपयोगी पडतं ते मॅन पेजच, म्हणजे मशीनमध्येच असलेलं कमांडचं माहितीपान. टर्मिनलात (कमांड टाइप करायची विंडो) मॅन (man) लिहून पुढे कमांडचं नाव, बाहेर पडायला क्यू दाब (मी पहिल्यांदा अख्खी विंडोच बंद केलेली, हसू नको). नावच माहीत नसेल तर मॅन, डॅश के नि एखादा इंग्रजी शब्द, यादी येते, नावापुढच्या कंसातला आकडा बघ, 1 म्हणजे साधी कमांड, 5 म्हणजे फाइलची रचना, 8 म्हणजे अ‍ॅडमिनचं काम. पासडब्ल्यूडी (passwd) 1 मध्येपण आहे नि 5 मध्येपण, दोन्ही वेगळी, एक पासवर्ड बदलायची कमांड, दुसरी युजरांच्या यादीची फाइल, माझे इथेच दोन दिवस गेले.

नेट असलं की आर्च या दुसऱ्या लायनक्सचं विकी वाच, डेबियनवाल्यालाही चालतं, फक्त तिथे पॅकमन (त्यांची सॉफ्टवेअर टाकायची कमांड) दिसलं की कॉपी मारू नको, त्या कामाला तुझं एप्ट आहे. आणि कुठलंही पान वाचताना आधी व्हर्जन बघ, बुकवर्म म्हणजे डेबियन 12.