हत्ती राजाचा, रान आपलं

प्रश्न : आमचा हौशी नाट्यगट उजनी धरणाच्या पाण्यावर एकांकिका बसवतोय. चार पानं सोबत पाठवली आहेत. वाचताना भाषण वाटतं. अरब देशांतही पाण्याची, जमिनीची ओढाताण आहे. तिथले नाटकवाले असे विषय कसे हाताळतात?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पानं वाचली. तुमचा शेतकरी टीएमसीचे (अब्ज घनफूट पाण्याचे) आकडे धडाधड सांगतो, पण पाणी कुणाकडे मागायला निघालाय, ते काही कळत नाही. नेमकी हीच गाठ सीरियाच्या सादल्ला वन्नूस यांनी १९६९ च्या ‘हे युगाधिपती, हत्ती!’ या छोट्या नाटकात पकडली. राजाचा लाडका हत्ती गावात मोकाट हिंडतो, नासधूस करतो, एका पोराला चिरडतो. जकारिया नावाचा माणूस लोकांना गोळा करतो आणि तक्रारीची चक्क तालीम घेतो : मी म्हणेन ‘हत्ती, महाराज!’, की तुम्ही एका सुरात पुढचं म्हणायचं. दरबारात तो ओरडतो, ‘हत्ती, महाराज!’ आणि मागे सगळे चिडीचूप. एक लहान मुलगी तोंड उघडते, तर आईच तिचं तोंड दाबते. शेवटी जकारिया म्हणतो, महाराज, हत्ती एकटा पडलाय, त्याला हत्तीण आणा. राजा खूश!

पर्यावरणाचं नाटक म्हणून ते लिहिलेलं नाही, हे मान्य. पण नासाडीमागचा मालक दाखवायचा कसा, हे मला तरी तिथेच उमगलं.

अलीकडचं पाहायचं तर लेबनॉनच्या तानिया अल खौरी यांचा २०१४ चा ‘बागा बोलतात’ हा प्रयोग. सीरियात अंत्ययात्रांवरही हल्ले होत, म्हणून लोक आपली मेलेली माणसं घरच्या बागेत पुरत. प्रयोगात एका वेळी दहाच प्रेक्षक. प्रत्येकाने हाताने माती उकरायची, कान लावायचा आणि खालून येणारी, पुरलेल्या माणसाची गोष्ट ऐकायची. आपल्याकडे नाट्यगृहवाले मंचावर एवढी माती टाकू देतील, असं वाटत नाही. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

तालमीची युक्ती मात्र घ्या. नळाला पाणी कधी येणार, हे विचारायला निघालेली गल्ली जिन्यातच निवेदनाची तालीम करतेय, इथून सुरू करा. उसाला पाणी द्यायचं की शहराला, यावरून त्या जिन्यातच दोघांची जुंपू द्या, कारण एकाचं माढ्याकडे उसाचं रान आहे. आकडे सगळे काढून टाका. साहेबाला तर मंचावर आणूच नका, दारामागून त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज पुरे.