श्लोक म्हणावा की बोलावा?

प्रश्न : संस्कृत नाट्यस्पर्धेसाठी आम्ही ‘अभिज्ञानशाकुन्तलम्’चा चौथा अंक बसवत आहोत. मी कण्वाची, म्हणजे शकुंतलेला वाढवणाऱ्या ऋषींची, भूमिका करतो. ‘यास्यत्यद्य शकुन्तलेति’ हा श्लोक सुरू झाला की मंगलाष्टके ऐकल्यासारखी वाटतात, असे तालमीत सर्वांचे मत पडले. गद्यासारखा बोलावा, तर वृत्त मोडते. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हा श्लोक शार्दूलविक्रीडितात आहे, आणि आपल्याकडची पुष्कळ मंगलाष्टके त्याच वृत्तात असल्यामुळे ती चाल लहानपणापासून आपल्या कानांत बसलेली असते. चाल अवश्य सोडा, वृत्त मात्र सोडू नका. वृत्तात लघु-गुरूंचा (आखूड आणि लांब उच्चाराच्या अक्षरांचा) क्रम आणि यती, म्हणजे चरणातली थांबण्याची जागा, ठरलेली असते. सूर ठरलेला नसतो.

आधी अन्वय लावून, म्हणजे शब्द गद्याच्या क्रमाने मांडून, श्लोकाचा अर्थ आपल्या रोजच्या मराठीत मोठ्याने बोला : शकुंतला आज जाणार म्हणून मनाला हुरहूर लागली आहे, अडवलेल्या आसवांनी गळा दाटला आहे, चिंतेने दृष्टी जड झाली आहे; मायेपोटी माझ्यासारख्या वनवाशाची ही दशा, मग लेक सासरी धाडताना संसारी माणसांचे काय होत असेल! ‘अरण्यौकसः’ (वनवासी) आणि ‘गृहिणः’ (संसारी माणसे) यांतला विरोध प्रेक्षकाला ऐकू आला नाही, तर आधीचे दोन चरण कितीही भावपूर्ण झाले तरी श्लोक पोचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग वृत्ताकडे वळा. प्रत्येक चरणात १९ अक्षरे आहेत आणि यती १२व्या अक्षरानंतर येते. पहिल्या चरणात तिथे ‘हृदयं’ हा शब्दही संपतो, म्हणून क्षणभर थांबता येते. दुसऱ्या चरणात मात्र यती ‘कलुषश्चिन्ताजडं’ या संधीवरच पडते. थांबलात तर संधी फुटेल, म्हणून न थांबता ‘श्चि’वर आवाज किंचित जड करा. त्याच चरणाच्या आरंभी ‘कण्ठः स्तम्’ अशी तीन गुरू अक्षरे लागोपाठ येतात. ती पुरता वेळ देऊन उच्चारली की दाटलेला गळा आपोआप ऐकू येतो आणि वेगळा हुंदका काढावा लागत नाही. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनींनी वाणीला नाट्याचे शरीर म्हटले आहे, ते अशा ठिकाणी पटते. शिवाय कालिदासाने ‘स्तम्भित’ म्हटले आहे. कण्वाने आसवे रोखून धरली आहेत, ती नटाने गाळू नयेत.

श्वास चरणाच्या शेवटी घ्या. तिसऱ्या चरणानंतर मात्र तो अगदी छोटा असू द्या, म्हणजे चौथ्या चरणातला प्रश्न तुटून पडणार नाही.