नवरात्रात अनवाणी ऑफिसला

नवरात्रात अनवाणी राहायचं व्रत धरलंयस आणि पहिलंच वर्ष आहे म्हणतेस, तर घटस्थापनेच्या आधीच साहेबांच्या कानावर घाल. गेटवरच्या वॉचमनलाही सांगून ठेव, नाहीतर रोज सकाळी तोच प्रश्न. अनवाणी येण्याचं कारण एकदा सांगितलं की पुरे. आणि सँडल घालून येणाऱ्या मैत्रिणीला श्रद्धा शिकवायला जाऊ नकोस.

खरा मुद्दा स्वच्छतेचा. रस्त्यावरून आलेले पाय तसेच कार्पेटवर न्यायचे नाहीत. आधी पाय धुवायचे, तेही बाहेरच्या नळावर, बेसिनमध्ये पाय वर टाकून नव्हे (असे महाभाग पाहिलेत!). पिशवीत जुना पंचा ठेव आणि कोरडे करूनच आत जा. ओली पावलं फरशीवर उमटली की सफाईच्या मावशींचं काम वाढतं, कोणी घसरलं तर बोल तुझ्या व्रताला. खुर्चीत मांडी घालायची सवय असेल तर मीटिंगपुरती आवर. टॉयलेटसाठी रबरी चप्पल वेगळी ठेव. त्याने व्रत मोडतं असं मी तरी मानत नाही.

शॉप फ्लोअरवर (कारखान्यात यंत्रं चालतात तिथे) किंवा केमिकल लॅबमध्ये जायचं असेल तर सेफ्टी शूज घालायचेच, तिथे चर्चा नाही. मधुमेह असेल तरीही अनवाणी नको. पायाची संवेदना कमी झालेली असली तर काच घुसल्याचंही कळत नाही.

दुपारी डांबर चांगलंच तापतं, म्हणून बाहेर जेवायला जाण्यापेक्षा डबा आण. रात्री टाचांच्या भेगांना कोकमतेल गरम करून लाव.