डायमध्ये ओरखडा दिसला तर

प्रश्न: मी ह्यूस्टनला राहतो. रायफल रेंजवर जायचा नाद आहे आणि .308 विंचेस्टरची काडतुसं घरीच पुन्हा भरतो. हल्ली साइझिंग डायमधून, म्हणजे पुंगळी दाबायच्या पोलादी साच्यातून, काडतुसाची पितळी पुंगळी बाहेर आली की तिच्या अंगावर उभा ओरखडा असतो. मित्र म्हणतो, 220 नंबरचा पॉलिश पेपर आतून फिरव. फिरवू का?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर: मुळीच नको. 220 चे ओरखडे काढायला 400 लागेल, त्याचे काढायला 600, आणि तोवर भोक मोठं झालेलं असेल. पुंगळी मूळ मापावर आणणं हे या डायचं काम. डायचं माप गेलं की दाबलेली पुंगळीसुद्धा रायफलच्या चेंबरमध्ये अडकायला लागते. पुण्याच्या टूलरूममध्ये मी प्रेसच्या डाय घासण्यात उमेदीची वर्षं घालवली. तिथे नव्या पोराच्या हातात पेपर देण्याआधी आम्ही बॅटरी द्यायचो: आधी आत बघ.

तुम्हीही तेच करा. पुंगळ्या स्वच्छ पुसून घ्या. बुडावर मार्करने रेघ ओढा आणि ती रेघ दरवेळी स्वतःकडे ठेवून चार-पाच पुंगळ्या दाबा. ओरखडा रेघेपासून नेमका त्याच जागी येत असेल तर दोष डायमध्ये आहे. जागा बदलत असेल तर रेंजवरच्या जमिनीची वाळू पुंगळीला चिकटून येते आहे. मग डायला हात लावू नका, पुंगळ्या नीट धुवा.

दोष डायमध्येच निघाला तर डिकॅपिंग रॉड (पुंगळीच्या बुडातला जुना प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बाहेर ढकलणारी मधली दांडी) काढून तिरप्या उजेडात आत पाहा. पोलादावर सोनेरी रेघ दिसेल. ते पितळ आहे. वंगण कमी पडलं की पितळ भिंतीला चिकटतं आणि पुढच्या प्रत्येक पुंगळीला ओरबाडत राहतं. म्हणजे डायवर चरा पडलेला नसतो, वर पितळ चढलेलं असतं.

ब्रेक क्लीनरने जुनं वंगण पूर्ण काढा. लाकडी दांडीवर सुती कापड घट्ट गुंडाळा, धातूचं साधं पॉलिश लावा आणि ड्रिलवर सावकाश फिरवा. दांडी मागेपुढे सरकत राहू द्या, एका जागी थांबवू नका. पुंगळी निमुळती होते त्या खांदा आणि मानेच्या भागात शिरू नका, तिथलं माप हलता कामा नये. थोडं फिरवा, पुसा, पाहा. सोनेरी रेघ गेली की थांबा. आरसा करायचा मोह होतो, मलाही व्हायचा, पण इथे चकाकीला किंमत नाही. मग पॉलिशचा कणही राहणार नाही इतकं धुवा, एक पुंगळी दाबा आणि केस गेजमध्ये (पुंगळीचं माप तपासायच्या साच्यात) टाकून बघा. रेघ गेल्यावर खाली खरा खड्डा दिसला तर डाय उत्पादकाकडे पाठवा.

यापुढे वंगण अंगाला पातळ, सारखं लावा. लॅनोलिनचं चांगलं. खांद्यावर जास्त झालं तर तिथे खळगे पडतात, कारण तेल दबत नाही, पितळच आत जातं. डायच्या बाजूचं बारीक भोक तुंबू देऊ नका. ह्यूस्टनच्या दमट हवेत डब्यातला फोम ओल धरतो, म्हणून डाय तेलाचा हात देऊन सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा आणि वापरण्याआधी ते तेल पुसा.

एक कळकळीने सांगतो: प्राइमरच्या काजळीत शिसं असतं. हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर नको, मुलांपासून लांब करा आणि हात साबणाने धुवा. क्लीनर उघडा असताना बंदुकीची दारू आणि प्राइमर त्या खोलीत नकोत.

प्रश्न: आमच्या कोल्हापूरचे स्वप्नील कुसाळे यांच्यासारखे नेमबाजही काडतुसं पुन्हा भरतात का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नाही. पॅरिसला 2024 मध्ये त्यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, तो .22 रिमफायरचा प्रकार. त्यात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि फायरिंग पिन ती कड चेचते, त्यामुळे नवा प्राइमर बसवायला जागाच नाही. हे नेमबाज वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या नळीतून मारून पाहतात आणि सगळ्यात जवळजवळ गोळ्या बसवणारा लॉट घेऊन ठेवतात.