कृषी सल्ला : आत्याच्या मोगऱ्याला फुलं, आमच्याकडे नुसता पाला

प्रश्न : आत्याच्या परसातला मोगरा दरवर्षी होळीपासून भरून फुलतो. तिच्याच झाडाची काडी आणून आम्ही न्हाणीच्या पाण्यावर, लिंबाच्या आडोशाला लावली. शेणखत घालतो, उसाचा युरिया उरला की तोही टाकतो. झाड पुरुषभर वाढलं, पण फुलं मोजकीच. आलेल्या कळ्या जांभळट होऊन गळतात, शेंड्याची पानंही पिवळी पडली आहेत. काडीच खराब होती का?
– शेतकरी भगिनी, पंढरपूर तालुका

उत्तर : ताई, काडीला दोष देऊ नका. काडी आत्याच्याच झाडाची, म्हणजे वाण तोच. फरक आहे तो विश्रांतीत. डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा, धरताना आपण आधी बाग ताणावर सोडतो, म्हणजे पाणी तोडतो, मगच छाटणी, खत आणि पाणी. मोगऱ्याचंही तसंच आहे. तुमच्या झाडाला न्हाणीचं पाणी बारा महिने मिळतं, वर युरिया. त्याला थांबायला सवडच नाही, म्हणून ते पाल्यावर जातं. आत्याला विचारून पाहा, थंडीत त्या झाडाला पाणी देत नसणार.

आता चैत्रात मोठी छाटणी करू नका, हातची फुलंही जातील. न्हाणीचा पाट दुसरीकडे वळवा, थंडीतल्या छाटणीपर्यंत युरिया पूर्ण बंद करा. लिंबाच्या खालच्या फांद्या उतरवा. मोगऱ्याला दिवसाचं निदान सहा तास थेट ऊन हवंच. सावलीत कितीही खत घातलं तरी कळी धरत नाही. फुलं देऊन झालेले शेंडे बोटभर खुडत राहा, नव्या फुटीवरच पुढच्या कळ्या येतात.

खरं काम मार्गशीर्ष-पौषात. पाणी तोडा. पानं मलूल होऊन गळू लागली की जमिनीपासून दीड फुटावर सरसकट छाटा, उरलेली पानं हातानं ओरबाडून काढा. काळजावर दगड ठेवून छाटा. अर्धवट छाटलेलं झाड फुलंही अर्धवटच देतं. मग आळं उकरून पूर्ण वाढलेल्या झाडाला १० किलो कुजलेलं शेणखत, ३७५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, १०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश आणि ६५ ग्रॅम युरिया द्या. पाणी त्यानंतरच, सुरुवातीला बेताचं.

कळ्या जांभळट होऊन गळतात, ते कळी पोखरणाऱ्या अळीचं काम. एखादी कळी उकलून पाहा, आत अळी किंवा विष्ठा दिसेल. अशा कळ्या रोज वेचून जाळा, झाडाखाली पडलेल्याही सोडू नका. निंबोळी पावडर लिटरला ५० ग्रॅम रात्रभर भिजवून, फडक्यानं गाळून, थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्यानं पुन्हा. ही फुलं देवाला जातात, लेकीबाळी केसांत माळतात, म्हणून घरच्या झाडावर जहाल कीटकनाशक मारू नका, ही माझी कळकळीची विनंती.

पिवळ्या पानांच्या शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचंच. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम, उन्हं कलल्यावर फवारा.

आणखी झाडं हवी असतील तर पावसाळ्यात जमिनीलगतची फांदी वाकवून, थोडी साल खरवडून मातीत दाबा. मुळ्या धरल्या की तोडून उन्हातल्या मोकळ्या जागी लावा, न्हाणीपासून लांब.